इरास, मिरजेहून

मिरज,
दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. इरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, त्या दिवशी फोन आधी तू ठेवलास की मी, याविषयी आपल्या घरात दोन मते आहेत आणि तुझ्या आईचे मत माझ्या विरुद्ध आहे. त्या गोष्टीला आज एकोणीस दिवस झाले. या दिवसांत तू आईशी चार वेळा बोललीस. 'बाबा काय करताहेत' असे तू एकदा विचारलेस आणि 'पेटी उघडून बसले आहेत' असे तिने सांगितले, तेही मी माजघरातून ऐकले. पेटी खरोखरच उघडली होती. यंदाच्या पावसाने मधल्या सप्तकातले दोन सूर दबके बोलू लागले आहेत. तरीही मला हाक मारली असती, तर मी उठून आलो असतो.

या पत्रात गाडीविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी आवाज चढवतो, म्हणून टपालाचा मार्ग घेतला. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही आणि मला आवाज चढवता येणार नाही.

तू ते हसत हसत सांगितलेस, हेच मला सोसले नाही. अल्बानीचा कार्यक्रम आटोपून, मागची आसने पाडून त्यांवर तुझा तो पुरुषभर उंचीचा बेस आडवा घालून, मध्यरात्रीनंतर तू एकटी न्यूयॉर्ककडे निघालीस. अडीचच्या सुमारास रस्त्याच्या कडेला ज्या खाचा पाडलेल्या असतात त्यांवर चाके गेली आणि त्या खडखडाटाने तू जागी झालीस. 'बाबा, तो खडखडाट अगदी माझ्या खालच्या ई तारेच्या सुरात होता,' असे तू म्हणालीस. तुझे रात्रीचे अडीच म्हणजे आमचे दुपारचे बारा. मी नंतर आठवून पाहिले; त्या वेळी मी दारात उभा राहून रद्दीवाल्याशी किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करत होतो.

आईला मी यातले काही सांगितलेले नाही. आपले भांडण पैशांवरून झाले, असे ती समजते.

त्यावर मी जे बोललो ते पुन्हा लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो, म्हणजे मला ते नाकारता येणार नाही. 'दुसऱ्याच्या नावाच्या कार्यक्रमात मागे उभे राहून वाजवायचे आणि त्यासाठी जीव घालवायचा, हा कुठला धंदा?' असे मी म्हणालो. शाळेतले गणित सांभाळून एकेचाळीस वर्षे जो माणूस गायकाच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसला, ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर 'संवादिनी साथ' या दोन शब्दांपुढे, आणि कित्येकदा तिथेही नाही, त्याने हे वाक्य स्वतःच्या मुलीला ऐकवावे, याची मला लाज वाटते. वाक्याचा पहिला अर्धा भाग मी मागे घेतो. दुसरा अर्धा घेत नाही.

तुझी पिवळी वही माझ्याकडेच राहिली आहे. मागच्या वेळी आलीस तेव्हा 'बाबा, एवढी माणसे ऐका' म्हणून तू तीत बेस वाजवणाऱ्यांची यादी लिहून दिली होतीस. वर्षभर ती पेटीच्या कप्प्यात पडून होती. या एकोणीस दिवसांत मी ती नावे एकेक करून ऐकली आणि त्यांच्याविषयी वाचलेही. वरच्या मजल्यावरच्या आदित्यने टॅब्लेटवर सगळे लावून दिले. हेतू प्रामाणिक नव्हता, हे कबूल करतो. तुझ्या या मार्गात काही राम नाही, याचा पुरावा मला हवा होता.

यादीत पहिले नाव रॉन कार्टर यांचे आहे आणि तिथेच माझा पुरावा अडला. १९३७ साली मिशिगनमधल्या फर्नडेल इथे जन्मलेला हा माणूस आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात गिनीजच्या लोकांनी मोजले, तेव्हा त्यांच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणे भरली आणि जॅझच्या इतिहासात सर्वांत अधिक ध्वनिमुद्रित झालेले बेसवादक म्हणून त्यांची नोंद झाली. माझ्यातला गणिताचा मास्तर लगेच पाटी घेऊन बसला. १९५९ पासून धरले तर छप्पन्न वर्षे होतात; म्हणजे वर्षाला जवळजवळ चाळीस, दर नऊ दिवसांना एक. त्यांतली फार थोडी त्यांच्या स्वतःच्या नावाची; बाकी सगळी साथ. मी हा आकडा तुझ्या आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितला. ती म्हणाली, 'मग तुमचे किती झाले?' मी मोजले नाहीत. आकाशवाणी सांगलीची धरूनही शंभर भरणार नाहीत.

कार्टर यांनी दहाव्या वर्षी चेलो हाती घेतला होता आणि त्यांना वाजवायचे होते ते पाश्चात्त्य अभिजात संगीत. डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये असताना त्यांच्या ध्यानात आले की, वाजवण्याची निमंत्रणे येतात तेव्हा ती गोऱ्या मुलांना जातात आणि आपण चांगले वाजवूनही मागे राहतो. तेव्हा शाळेच्या वाद्यवृंदात बेसची जागा मोकळी होणार आहे असे पाहून त्यांनी वाद्यच बदलले. पुढे रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात शिकत असताना लिओपोल्ड स्टोकोव्स्की या विख्यात वाद्यवृंद-संचालकांनी त्यांना ऐकले आणि सांगितले की, तुला ह्यूस्टनच्या वाद्यवृंदात घ्यायला मला आवडेल, पण तिथले संचालक मंडळ काळ्या वादकाला घ्यायला तयार होणार नाही. एवढे ऐकून घेतलेल्या माणसाने १९५९ मध्ये ती पदवी पुरी केली, १९६१ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून वरची पदवी घेतली आणि मग ज्यांना तो हवा होता त्यांच्याकडे वाजवले. 'ही मुलगी एवढे मोठे वाद्य पायऱ्यांवरून चढवणार कशी' असे तुझ्यासमोरच विचारले गेले होते, ते तू मला दोन वर्षांनी सांगितलेस. तेही हसत. तुझे हे हसत सांगणे मला अलीकडे फार भिववते, इरा.

मी ऐकायला बसलो तेव्हा सुरुवातीला मला बेस ऐकूच येईना. ट्रम्पेट ऐकू येई, पियानो येई, तबल्याच्या जागी त्यांचा तो थाळ्यांचा साज ऐकू येई. मग आदित्यने कानांवरचे ते मोठे यंत्र आणून दिले आणि एकाएकी तळघराचे दार उघडावे तसा तो आवाज सापडला. एकदा सापडल्यावर दुसरे काही ऐकू येईनासे झाले. मला माझ्या भाषेत सांगायचे तर, आपला तानपुरा जागचा उठून चालू लागावा, तसे ते आहे. चार मात्रांत चार पावले, प्रत्येक पाऊल वेगळ्या सुरावर, आणि तरी गाणाऱ्याला वाटावे की षड्ज कुठे गेलेला नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर १९६३ ते १९६८ या काळात कार्टर जे वाजवतात त्यात तर ते मध्येच आधाराचा सूर असा बदलतात की वरच्या ट्रम्पेटचा तोच स्वर निराळा वाटू लागतो. पाया सरकतो आणि घर डोलते, पण पडत नाही. पेटीवर अशी चेष्टा मी एकदा एका बुवांच्या मारव्यात केली होती. पुढचे आठ महिने त्यांनी मला बोलावले नाही.

त्या माइल्स डेव्हिस यांनी त्यांना बोलावले तो प्रसंग तुला ठाऊक असेलच, पण मला तो इतका आवडला की पुन्हा सांगतो. कार्टर तेव्हा आर्ट फार्मर या दुसऱ्या ट्रम्पेटवादकांकडे वाजवत होते. डेव्हिस यांच्यासारख्या माणसाचे बोलावणे आले तर आमच्यातले पुष्कळ लोक बसलेल्या मैफिलीतून उठून गेले असते. कार्टर म्हणाले की, पुढचे दोन आठवडे मी यांना शब्द दिलेला आहे. त्यांनी मोकळे केले तर येतो, तेव्हा त्यांनाच विचारा. डेव्हिस यांनी विचारले आणि फार्मर यांनी मोकळे केले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अल्बानीला तू का गेलीस ते मला एकदम आठवले. त्याच रात्री तुला शहरातच, घरापासून दहा मिनिटांवर, दुप्पट पैशांचे काम आले होते. पण या मुलांना महिन्यापूर्वी शब्द दिला आहे म्हणून तू ते नाकारलेस. हे तू फोनवर सांगितलेस तेव्हा मला ऐकूसुद्धा आले नाही, कारण त्याच्या पुढच्याच वाक्यात त्या खाचा होत्या. शब्द पाळलास, याचा मला फार अभिमान आहे. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवे होते. पण शब्द अल्बानीला जाण्याचा होता. त्याच रात्री परत येण्याचा नव्हता.

पाहा, गाडी आलीच. क्षमा कर. पुढे लिहितो.

वहीतले दुसरे नाव मिल्ट हिंटन. व्हिक्सबर्गला १९१० साली जन्म, लहानपणी शिकागोला आले, आधी व्हायोलिन, मग बेस, तुझ्यासारखेच. १९३६ पासून १९५१ पर्यंत गायक कॅब कॅलोवे यांच्या ताफ्यात होते आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत शिरले ते कायमचे. मला सर्वांत सुख वाटले ते हे वाचून की, कॅलोवे यांचा ताफा रेल्वेच्या स्वतंत्र डब्यातून फिरे. दक्षिणेकडे काळ्या वादकांना हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून डब्यातच झोपायचे. कारण अपमानाचे होते, हे मला कळते. हिंटन यांनी स्थानकांवरच्या त्या 'फक्त काळ्यांसाठी' अशा पाट्यांखाली आपल्या सोबत्यांना उभे करून छायाचित्रे काढून ठेवली, तीही मी पाहिली. तरीसुद्धा बापाच्या मनात पहिला विचार आला तो असा की, गाडी दुसरा कुणीतरी हाकत होता आणि ही मुले झोपलेली होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये एकेका ध्वनिमुद्रणाचे सत्र तीन तासांचे असे आणि ते एका दिवसात अशी दोन-तीन सत्रे करीत. सकाळी एका गायकाचे गाणे, दुपारी जाहिरात, संध्याकाळी जॅझ. ते नव्वद वर्षे जगले. घर क्वीन्समध्ये होते, म्हणजे तुझ्याच बाजूला.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपट-संगीतात अशीच माणसे होती. गोव्याहून आलेले सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट; रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत आपल्या आवडत्या गाण्यांचा वाद्यमेळ उभा करायचा. तबकडीवर नाव संगीतकाराचे. तुझी आत्या अजूनही ती गाणी गुणगुणते. तिला विचार यातले एक तरी नाव माहीत आहे का. आणि पुण्यात आप्पा जळगावकर! त्यांनी कुणाला साथ केली हे विचारण्यापेक्षा कुणाला केली नाही हे विचारावे. मी त्यांना प्रथम ऐकले तेव्हा गायक कोण होते ते आज मला आठवत नाही, पण त्यांनी गायकाच्या तानेमागून जाऊन शेवटचा सूर केवळ स्पर्शून सोडला होता, तो अजून कानात आहे. तेव्हा 'मागे उभे राहून वाजवणे' म्हणजे काय, हे मला कुणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. मी ते रागाने विसरलो होतो.

इथपर्यंत सगळे चांगले चालले होते. मग मी वहीचे पान उलटले.

त्या पानावर तू नावांपुढे फक्त वाद्यवृंदांची नावे लिहिली आहेस. साल आणि वय मी शोधले. जिमी ब्लँटन, ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात. १९४२ साली क्षयाने गेले, वय तेवीस. स्कॉट लाफारो, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात पियानोवादक बिल इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी जे वाजवले ते तू मला इथे ओसरीवर ऐकवले होतेस, मागे लोकांच्या ग्लासांचा किणकिणाट ऐकू येतो ते. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातच जिनिव्हा या गावाजवळ त्यांची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. रात्रीची वेळ. वय पंचवीस. ते जिनिव्हा आणि तुझे अल्बानी यांतले अंतर मी नकाशावर मोजायला घेतले आणि मग टॅब्लेट आदित्यला परत देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून आणला. कॅस टेक्निकल हायस्कूल, जिथे कार्टर यांनी बेस उचलला, त्याच शाळेत त्यांच्या थोडे आधी पॉल चेंबर्स आणि डग वॉटकिन्स ही दोन मुले होती. दोघेही बेसवादक, शिवाय एकमेकांच्या नात्यातले. चेंबर्स डेव्हिस यांच्याकडे होते आणि त्यांच्याच जागी पुढे कार्टर आले. चेंबर्स १९६९ च्या जानेवारीत गेले, तेहतीस वर्षांचे होते, क्षय. वॉटकिन्स यांनी १९५६ साली सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्यामागे जे वाजवले आहे ते मी चार वेळा ऐकले. किती सरळ, किती भरदार! १९६२ च्या फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनात होलब्रुक गावाजवळ मोटारीच्या अपघातात गेले. सत्तावीस वर्षांचे. येत्या नोव्हेंबरात तुलाही सत्तावीस पूर्ण होतील.

एका शाळेची तीन मुले, इरा. तिघांची बोटे चांगली, तिघांचा सूर चांगला, तिघांना काम भरपूर. मी शाळेत असतो तर म्हणालो असतो की तीन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, आणि मुलांना तसेच शिकवले आहे. पण २,२२१ हा आकडा कशाने झाला, हे मला त्या रात्री वेगळे दिसले. विद्वत्ता होती, शिस्त होती, वेळेवर सूट घालून उभे राहणे होते, लिहिलेले स्वर एका दृष्टिक्षेपात वाचणे होते. पण त्यासोबत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जिवंत हजर असणेही होते. १९६८ साली कार्टर यांनी डेव्हिस यांचा ताफा सोडला आणि पुढची वर्षे मोठ्या प्रमाणावर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत काम केले. का सोडला याची कारणे तू मला सविस्तर सांगशील, विद्युत वाद्ये वगैरे. मी मात्र माझ्यापुरते ठरवून टाकले आहे की, रात्री घरी झोपता यावे म्हणून सोडला. चूक असेल तर दुरुस्त करू नकोस.

आणि काय काय वाजवले त्या स्टुडिओंत! १९६९ साली गायिका रॉबर्टा फ्लॅक यांच्या पहिल्याच अल्बमवर बेस त्यांचा. १९९१ मध्ये ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप करणाऱ्या मुलांच्या गाण्यात बेस त्यांचा, वय वर्षे चोपन्न. मध्ये शिकवलेही, सिटी कॉलेजात वर्षानुवर्षे, मग जुलियार्डमध्ये. तू स्टुडिओतली कामे अधिक घ्यावीस आणि लांबची कमी घ्यावीस, हे मी सुचवतो आहे असे तुला वाटेल. तसे मी सुचवतोच आहे. आता जॅझचे पोट स्टुडिओंवर चालत नाही, ती कामे संगणकाने खाल्ली, हे तू मागे समजावले होतेस, ते माझ्या लक्षात आहे. पाच दशकांपूर्वीच्या न्यूयॉर्कचा हिशेब घालून तुला उपदेश करणे म्हणजे माझ्या वडिलांनी मला नाटक कंपनीत नोकरी धर असे १९७५ साली सांगण्यासारखे झाले. ते सांगत, आणि मी तेव्हा त्यांना जे उत्तर दिले ते तुझ्या उत्तरापेक्षा पुष्कळच उद्धट होते.

आता जे लिहितो ते तुझ्या आईला ठाऊक आहे आणि दत्तूकाकाला. तिसऱ्या कुणाला नाही.

तू पाच-सहा वर्षांची असताना दत्तूकाकाला विचारले होतेस की, तुझ्या घरात तबला आहे तर तू वाजवत का नाहीस. त्याने जिन्यावरून पडल्याचे सांगितले. तो जिन्यावरून पडला नव्हता. १९९४ च्या माघात बार्शीला मैफल होती. रात्री दोनला संपली. यजमानांनी मुक्कामाचे विचारले. मला सकाळी शाळा होती, पहिलाच तास दहावीचा, म्हणून निघण्याचा आग्रह मी धरला. भाड्याची जीप होती. चालक दिवसभर उसाच्या फेऱ्या करून आलेला. त्याने पंढरपूर सोडताना मला पुढे बोलावले आणि म्हणाला, 'मास्तर, माझ्याशी बोलत राहा, म्हणजे डोळा लागणार नाही.' मी बोलत राहिलो. सांगोला मागे पडेपर्यंत मी त्याच्याशी त्याच्या गावाविषयी, बैलांविषयी, भावांच्या वाटण्यांविषयी बोललो. मांडीवर पेटी होती, तिच्यावर मी कोपर टेकले. त्यापुढचे मला आठवत नाही, कारण मीच झोपलो.

जीप बाभळींत शिरली. चालक वाचला, बुवांना चार टाके पडले, माझ्या अंगावर ओरखडाही उमटला नाही. पेटीचे वरचे झाकण तडकले. ती चीर तू पाहिली आहेस, लहानपणी तीत शाळेची तिकिटे खोचून ठेवायचीस. दत्तू मागे कडेला बसला होता, त्याचा उजवा हात बाहेरच्या दांडीला धरलेला होता. तो हात मनगटातून पुन्हा कधी नीट वळला नाही. चौतीस वर्षांचा होता. लोक म्हणत, दोन वर्षांत हा पुण्यात नाव काढणार. एकतीस वर्षे झाली, त्याने एकदाही मला 'तू झोपलास' असे म्हटलेले नाही. झेरॉक्सचे दुकान काढले, दोन मुलांची शिक्षणे केली, आणि तुला ओसरीवर झपताल हातावर मोजायला शिकवला तो डाव्या हाताने. दोन, तीन, दोन, तीन. खालीची मात्रा आठवते ना? तुझा ताल पक्का आहे असे तुझे तिथले लोक म्हणतात, तो तिथून आलेला आहे.

म्हणून मी ओरडलो. तुझ्यावर नव्हे, असे म्हणणार होतो, पण ते खोटे होईल, तुझ्यावरच ओरडलो.

एक व्यवहाराची गोष्ट. आम्ही बिदागी ठरवताना मुक्काम कधी ठरवत नसू. 'बघू, सोय होईल' म्हणायचे आणि मग रात्री निघायचे. तू तशी चूक करू नकोस. शंभर किलोमीटरच्या पुढचे काम असेल तर पैशांच्या आधी खोलीचे बोल. ताफ्यात चौघे असतील तर गाडी हाकणारा त्या दिवशी वाजवणारा नसावा, हे बोल. लोक काम देणार नाहीत अशी तुला भीती वाटेल. कदाचित नाही देणार. अल्बानीपासून तुझे घर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे इथून पुण्याला जावे तेवढे. आणि रात्री अकरानंतर मला पुण्याला कुणी पाठवले तर तूच आधी ओरडशील. खोलीचे पैसे मी देईन. ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होते. आईला मी सांगितले आहे की तुला नव्या तारा घ्यायच्या आहेत. तेव्हा तिने विचारले तर तारा फार महाग झाल्या आहेत, असे सांग. हे खोटे बोलायला शिकवणे झाले, आणि सव्वीस वर्षे मी त्याच्या उलट शिकवले आहे. असो.

मेतकूट आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या कुलकर्ण्यांच्या सुनेबरोबर पाठवतो आहोत. ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे पोहोचेल. बेसच्या तारांखालची घोडी तानपुरेवाल्यांनी बसवून दिली होती ती अजून तीच आहे का? ते परवा विचारत होते. त्यांच्याकडे आता भोपळे मंगळवेढ्याहून नीट येत नाहीत म्हणून कुरकुरत होते.

तू पाठवलेली ती तबकडी काल दत्तूकाकाला दुकानात नेऊन ऐकवली. आदित्यने यंत्र लावून दिले. गिऱ्हाइके येत-जात होती, त्यामुळे पहिल्या दोन गाण्यांत त्याचे लक्ष नव्हते. तिसऱ्याला, जिथे पियानो थांबतो आणि तू एकटी चालत राहतेस, तिथे त्याने आधारकार्डाच्या प्रती काढायला आलेल्या माणसाला हाताने थांबवले आणि डाव्या हाताने काउंटरवर मोजू लागला. गाणे संपल्यावर म्हणाला, 'पाच मात्रांचे आहे की रे हे. नाव आहे का पोरीचे वर?' मी कव्हर उलटे करून भिंग लावून पाहिले. आहे. चौथ्या ओळीत, ड्रमवाल्याच्या वर, आडनावातले एक अक्षर गाळलेले.

आईला फोन करशील तेव्हा मला हाक मारायला सांग.

तुझा,
बाबा